नादकाटा

डॉक्टर हेलमी माझ्या नातीच्या वयाची.
ती नादकाटा टेबलाच्या कडेवर आपटते,
त्याची दांडी माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवते,
म्हणते, "थरथर थांबली की सांगा."
मी डोळे मिटते.
थरथर सुरूच झालेली नसते.
थोडा वेळ जाऊ देते, अंदाजाने,
आणि म्हणते, "आता."

खोटं बोलले.
कारखान्यात कधी बोलले नव्हते.
एकतीस वर्षं बूट शिवले,
कातड्यावरून बोट फिरवून सांगायचे
गाय की वासरू,
आणि कुंपणाला कुठल्या अंगाने घासली होती ती.
टांपेरेत अजून कुणीतरी
माझ्या टाक्यांवर चालत असेल.
मी मात्र माझ्याच पायांत राहते
भाडेकरूसारखी,
खिळासुद्धा विचारून ठोकायचा.

खिळ्यावरून आठवलं.
नोव्हेंबरात स्वयंपाकघरापासून दारापर्यंत लाल ठिपके.
मला वाटलं, राउनोनं लिंगनबेरीचा मुरंबा सांडला.
ओरडलेसुद्धा त्याच्यावर.
तो गुडघ्यांवर बसला, माझा मोजा उतरवला,
टाचेतून चिमट्यानं एक पितळी चूक उपसली.
चूक माझ्याच धंद्यातली.
सकाळपासून मी तिच्यावर उभी होते.

आणि रात्री याच पायाला
चादर सोसत नाही.

मुंग्या येतात. म्हणायला किती हलकं!
आमच्या कुंपणामागे, स्प्रूसखाली,
कमरेइतकं वारूळ आहे.
ऑक्टोबरात त्या खाली उतरतात,
वर बर्फ साचतो,
एप्रिलपर्यंत चाहूल नाही.
माझ्या मुंग्यांना ऋतू कळत नाहीत.
बोटांच्या बेचक्यांतून निघतात,
घोट्याशी जमतात, काहीतरी बांधतात,
पेटवून देतात, पुन्हा बांधायला घेतात.

पेटक्याची तऱ्हा निराळी.
रात्री अडीचला पोटरी कुणीतरी
ओल्या टॉवेलासारखी पिळतं.
अंगठा वर, बाकीची बोटं खाली,
भांडण झाल्यासारखी.
राउनो अर्धवट झोपेतच उठतो,
एका तळव्यात टाच, दुसऱ्यात बोटं,
पाय माझ्याकडे ढकलतो, हळूहळू,
थंडीभर उलटी पडलेली होडी
पाण्याकडे लोटावी तसा.
दिवा लावत नाही. बोलत नाही.
मग पोटरीवरून हात फिरवतो.
तिथे मला अजून कळतं.
त्याच्या उजव्या हाताला चार बोटं,
अंधारातही मोजता येतात.

पाचवं गिरणीच्या करवतीत गेलं, लग्नाआधी.
नंतर किती हिवाळे तो म्हणायचा,
नसलेल्या बोटाला खाज सुटते,
थंडीत ठणकतं.
मी हसायचे. जेवताना बहिणींना सांगायचे,
"राउनोचं बोट गिरणीतून निरोप पाठवतं!"
तोही हसायचा,
सगळ्यांचं हसून झाल्यावर.

शनिवारी सॉनात
तो बादलीत आधी आपलं कोपर बुडवतो,
मग माझे पाय.
मी विचारते, "ते बोट अजून दुखतं?"
तो बराच वेळ काही बोलत नाही.
आमच्याकडे उत्तराची घाई कुणाला नसते.
"कधीकधी."
"आणि मी हसायचे ते?"
तो पळीभर पाणी दगडांवर टाकतो.

वाफ चढते. कानांना कळते, खांद्यांना कळते.
खाली बादलीत दोन पांढरे पाय,
कुणीतरी विसरून गेल्यासारखे.
राउनो ते बाहेर काढतो, पुसतो,
बोटांमध्ये कुठे चिरलंय का बघतो,
चष्म्यावर वाफ धरलेली,
म्हणून अगदी जवळून.

मंगळवारी पुन्हा हेलमीकडे.
या वेळी सांगेन,
मागच्या खेपेला अंदाजाने बोलले.
बहुतेक सांगेन.
आधी मात्र म्हणेन, पोरी,
तो काटा एकदा माझ्या कपाळाला लाव.
इतके महिने वाजवते आहेस,
सूर तरी कळू दे.